बारा एपिसोड आणि बारा गावचे फॅन

मागच्या अंकात 'यूटोपिया' या ब्रिटिश मालिकेबद्दल जाता जाता चार ओळी काय लिहिल्या, इनबॉक्स भरून वाहायला लागला. एवढी पत्रं मला सासू-सुनेच्या मालिकांवर शिव्या घातल्यावर पण येत नाहीत. म्हणून यावेळचा अख्खा कॉलम हिलाच देऊन टाकला. जिथे शेवट फोडलाय तिथे आधी तसं लिहिलंय, नंतर भांडायला येऊ नका.

ताई, तुम्ही एवढं कौतुक केलंत म्हणून यूटोपिया शोधून बघायला बसलो. तीन एपिसोड झाले तरी सगळे ऑफिसात बसून मीटिंगाच करतायत आणि विनोद चाललेत. कट कधी सुरू होतो? – एक वाचक, नाशिक

अहो, तुम्ही ऑस्ट्रेलियातली यूटोपिया लावलीत! ती सरकारी खात्याच्या कारभारावरची कॉमेडी आहे, मोठमोठे प्रकल्प जाहीर करायचे आणि मग त्याचा लोगो कुठला घ्यायचा यावर आठवडा घालवायचा, असला मामला. मस्तच आहे ती, सोडू नका, पण त्यात कट एवढाच की काम होऊ द्यायचं नाही.

मी म्हणतेय ती चॅनल ४ ची. पहिला एपिसोड १५ जानेवारी २०१३ ला आला, त्या वर्षी सहा आणि २०१४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये सहा, संपलं. लेखक डेनिस केली. शिवाय २०२० ची अ‍ॅमेझॉनची अमेरिकन आठ एपिसोडची आहे, ती तिसरीच. ओळखायची खूण सांगते, सुरू झाल्यावर पाच मिनिटांत आकाश मोरपंखी आणि शेत हळदीसारखं पिवळंजर्द दिसलं, तर बरोबर जागी आलात.

माझी रूममेट वेडी आहे या मालिकेची. डीपीला पिवळी बॅग, मोबाईलची रिंगटोन तीच, भांडण झालं की मला विचारते 'जेसिका हाईड कुठे आहे?' दहा वर्षांपूर्वी बंद पडलेल्या बारा एपिसोडच्या मालिकेसाठी एवढं काय असतं हो? स्पॉयलर न देता सांगा, मला अजून ठरवायचंय बघू का नको ते. – एक वाचक, कोल्हापूर

रूममेट चांगली निवडलीयस. ऐक.

चार माणसं आहेत. बेकी ही शिकणारी मुलगी, इयन हा आयटीत कंटाळलेला पोरगा, विल्सन विल्सन (हो, नाव आडनाव एकच) हा सगळीकडे कटच दिसणारा, सरकार आपल्यावर नजर ठेवून आहे असं मानणारा गडी, आणि ग्रँट, जो नेटवर आपण मोठे पैसेवाले आहोत असं भासवतो पण प्रत्यक्षात अकरा वर्षांचं कार्टं आहे. यांनी एकमेकांना कधी बघितलेलं नाही. यांना जोडणारी गोष्ट एकच, एका वेड्या शास्त्रज्ञाने काढलेलं एक कॉमिक, त्याचं नाव यूटोपिया. त्याचा न छापलेला दुसरा भाग, हाताने काढलेली पानं, यांच्याच ओळखीतल्या नेटवरच्या आणखी एकाच्या हाती लागतात आणि तो म्हणतो भेटूया. आणि ते भेटायच्या आतच त्या पानांच्या मागे दुसरं कोणीतरी लागलेलं असतं. बघता बघता चौघांची घरं, नोकऱ्या, अब्रू सगळं जातं, अंगावर खोटे गुन्हे पडतात, आणि फोन चालू ठेवायची पण सोय राहत नाही. दुसरीकडे आरोग्य खात्यातला एक भित्रा साहेब आहे, डगडेल नावाचा, लफड्यात अडकलेला, त्याला ब्लॅकमेल करून एका तापाच्या लसीची प्रचंड ऑर्डर द्यायला लावतायत. या दोन दोऱ्यांची गाठ कुठे पडते ते मी सांगणार नाही.

तुझ्या रूममेटचा प्रश्न पहिल्याच सीनमधला. कॉमिकचं दुकान, दुपार, एक दोन गिऱ्हाईकं. दोघं आत येतात. एक सुटाबुटातला, हातात भडक पिवळी बॅग. दुसरा जाडसर, जर्किन घातलेला, धाप लागल्यासारखा श्वास घेणारा, चॉकलेट लावलेले मनुके खात असतो. हा आर्बी. आवाज चढवत नाहीत, धमकी देत नाहीत, बँकेत पासबुक भरायला आल्यासारखे आपलं काम करतात, आणि पुढच्या काही मिनिटांत दुकानात जिवंत कोणी उरू द्यायचं नाही या हिशोबाने सगळं चाललेलं असतं. नील मास्केल या नटाने आर्बी असा केलाय की त्याची भीती वाटते आणि तिसऱ्या चौथ्या एपिसोडनंतर त्याची दया पण यायला लागते, तेव्हा आपलीच आपल्याला लाज वाटते.

मग ते रंग. कटाच्या मालिका म्हटल्या की अंधारं पार्किंग, पाऊस, निळसर करडा उजेड, हे ठरलेलंच. मार्क मंडन या दिग्दर्शकाने उलटं केलं, टळटळीत उन्हात, हिरव्यागार कुरणात, रिकाम्या रस्त्यावर खून पाडले. फ्रेम इतकी रुंद की माणूस कोपऱ्यात उभा आणि बाकी नुसतं आभाळ, त्यामुळे सतत वाटत राहतं की बाजूच्या रिकाम्या जागेतून कोणीतरी येणार. आणि संगीत! क्रिस्टोबल तापिया दे वीर याचं. नाव ओळखीचं वाटत नसेल तर 'व्हाइट लोटस'ची ती अंगावर काटा आणणारी टायटल ट्यून आठव, तोच माणूस. यूटोपियाची ट्यून त्याच्या आठ वर्षं आधीची आणि मला विचारशील तर जास्त भारी.

पण एवढ्याने लोक दहा वर्षं पिवळी बॅग मिरवत नाहीत. मला वाटतं खरी मेख अशी की ही फॅन लोकांचीच गोष्ट आहे. एकटी, कुठेच न रमणारी माणसं एका अर्धवट राहिलेल्या कलाकृतीवरून एकमेकांना सापडतात, पानापानातून अर्थ काढत बसतात, पुढचा भाग मिळेल या आशेवर जगतात. आणि मग ती मालिकाच अर्धवट बंद पडली. आता बघणारे पण त्याच चौघांसारखे होऊन बसले, न आलेल्या भागाची वाट बघत. असा योग लेखकाने ठरवून जुळवला असता तरी जुळला नसता.

बघ तू. फक्त रात्री एकटी बघू नकोस, आणि पुढचं उत्तर वाचूनच बस.

आम्ही नवरा-बायको जेवताना लावली. पहिलाच एपिसोड संपत आला आणि बायको ताट ठेवून उठली. आता चमचा दिसला की माझ्याकडे रागाने बघते. पुढे पण असंच आहे का? – एक वाचक, डोंबिवली

जेवताना? यूटोपिया? वहिनींचं काही चुकलं नाही.

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी फक्त एवढंच, की त्या प्रसंगात मिरची, वाळू, ब्लीच आणि एक चमचा आहे आणि बांधून ठेवलेल्या माणसाचा डोळा आहे. जास्त सांगत नाही. पुढे एवढं अंगावर येणारं कमी आहे, पण तिसऱ्या एपिसोडची सुरुवात शाळेत होते आणि ती फार वाईट आहे. अमेरिकेत सँडी हूकच्या शाळेत गोळीबार झाला डिसेंबर २०१२ मध्ये, आणि हा एपिसोड आला जानेवारी २०१३ च्या शेवटी. ब्रिटनमध्ये तक्रारी गेल्या, वाद झाला, आणि माझ्या मते तक्रार करणाऱ्यांचं म्हणणं अगदीच फालतू नव्हतं. तो प्रसंग पुढे ढकलून बघितलात तरी गोष्टीचं काही अडत नाही. घरात शाळेतली मुलं असतील तर ती झोपल्यावरच, आणि हेडफोन लावून.

एवढी चांगली होती तर बंद का केली? आणि फॅन लोकांनी काहीच केलं नाही का? – एक वाचक, पुणे

बंद का केली याचं उत्तर नेहमीचंच, बघणारे कमी. चॅनल ४ ही तिकडे सरकारी मालकीची वाहिनी आहे पण चालते जाहिरातीच्या पैशावर, त्यामुळे प्रेक्षक घटले की हिशोब आडवा येतोच. नवीन मालिकांना जागा करायची म्हणून ऑक्टोबर २०१४ मध्ये त्यांनी जाहीर करून टाकलं की तिसरा सिझन नाही. आणि गंमत बघा, पुढच्याच महिन्यात, नोव्हेंबर २०१४ ला, न्यूयॉर्कमध्ये याच मालिकेला सर्वोत्तम ड्रामा म्हणून इंटरनॅशनल एमी मिळालं. म्हणजे घरच्यांनी बाहेर काढलेल्या पोराचा बाहेर सत्कार.

फॅननी सह्यांची मोहीम केली, पत्रं लिहिली, ओरडा केला, उपयोग झाला नाही. हे सगळीकडे फसतंच असं नाही हं. २००७ ची गोष्ट, अमेरिकेत सीबीएसने 'जेरिको' नावाची मालिका एका सिझननंतर बंद केली. अणुबॉम्ब पडल्यावर एका छोट्या गावात काय होतं आणि बॉम्ब टाकले कोणी, अशी ती गोष्ट. शेवटच्या एपिसोडमध्ये हिरो शरण यायला नकार देताना 'नट्स' म्हणतो, त्या शब्दाचा तिकडे अर्थ कवचीची फळं असा पण होतो, दुसऱ्या महायुद्धात एका अमेरिकन जनरलने जर्मनांना दिलेलं तेच उत्तर. झालं! फॅननी सीबीएसच्या ऑफिसवर शेंगदाणे पाठवायला सुरुवात केली. पाकिटं नाही, पोती. वीस टनांच्या आसपास शेंगदाणे जाऊन पडले. वाहिनीने हात टेकले आणि सात एपिसोड आणखी दिले. मग ते सात पण कोणी पुरेसे बघितले नाहीत आणि मार्च २००८ मध्ये परत बंद. ज्यांनी शेंगदाणे पाठवले ते बघत होतेच, प्रश्न न पाठवणाऱ्यांचा होता.

आपल्याकडे मालिका बंद होते तेव्हा निदान शेवटच्या आठवड्यात सगळ्यांची लग्नं लावतात, व्हिलनला पश्चात्ताप होतो आणि आजी सगळ्यांना आशीर्वाद देते. यूटोपियाने ते पण केलं नाही, त्या मानाने आपलेच लोक माणुसकीचे.

ताई, तिसरा सिझन येणार का? – सहा-सात जणांनी विचारलंय, त्यातल्या एकीने तीनदा

नाही गं.

आमच्या सासरच्या ग्रुपवर दिराने एक क्लिप टाकलीय. त्यात एक बाई शांतपणे सांगते की लसीतून लोकांना मूल होणं बंद करायचं आणि कोणाला कळू द्यायचं नाही. खाली लिहिलंय 'बघा, त्यांनी आधीच कबूल केलं होतं, आता तरी जागे व्हा'. सासूबाई घाबरल्यात आणि माझ्या मुलीचा डोस पुढच्या आठवड्यात आहे. ही तुमचीच मालिका का? – एक वाचक, सोलापूर

वर्णनावरून हीच वाटते. गोष्टीतला कट तोच आहे, तापाची साथ आली म्हणून घाबरवायचं आणि लसीतून शंभरातल्या नव्वदहून जास्त लोकांची मूल होण्याची क्षमता काढून घ्यायची. हे मालिकेत आहे. लिहिलेलं आहे, नटांनी पाठ करून म्हटलंय, त्याचे त्यांना पैसे मिळालेत. कबुली वगैरे काही नाही.

२०२० मध्ये अमेरिकन आवृत्ती आली ती नेमकी कोरोनाच्या धामधुमीत, सप्टेंबरमध्ये, आणि कथेत साथ, लस, लपवाछपवी सगळं. बनवणाऱ्यांनाच घाम फुटला असणार, कारण सुरुवातीला हे सगळं काल्पनिक आहे अशी पाटीच टाकली होती. पण क्लिप कापणारा पाटी आधी कापतो.

हीच अफवा आपल्याकडे मालिकेच्या कितीतरी आधी येऊन गेलीय. पोलिओच्या डोसाने मुलं पुढे नपुंसक होतात असं उत्तर प्रदेशात घरोघरी पसरलं होतं, दारं लावून घ्यायचे लोक. मग तिथल्या डॉक्टरांनी, मौलवींनी, आशाताई-अंगणवाडीताईंनी दारोदार फिरून समजावलं, आणि जानेवारी २०११ नंतर देशात जंगली पोलिओचा एकही रुग्ण सापडला नाही, २७ मार्च २०१४ ला जागतिक आरोग्य संघटनेने आपल्याला पोलिओमुक्त म्हणून सर्टिफिकेट दिलं. ज्यांनी तेव्हा ते दोन थेंब घेतले ती पोरं आता मोठी होऊन स्वतःच्या पोरांना पोलिओ बूथवर आणतायत. याच्यापेक्षा मोठा पुरावा सासूबाईंना काय द्यायचा? घरातच मोजायला सांगा.

दिराला ग्रुपवर सगळ्यांसमोर वेड्यात काढू नका, तो हट्टाला पेटेल. वेगळा मेसेज करा, म्हणा भाऊजी, ही चॅनल ४ ची मालिका, २०१३-१४ ची, अख्खी बघा एकदा, फार भारी आहे. बघितली तर फॅन होईल, आणि फॅन झाला की क्लिप पुरावा म्हणून नाही, कौतुकाने टाकेल. डोस ठरल्या दिवशी द्या. काही शंका असेल तर तुमच्या मुलीच्या डॉक्टरांना विचारा, मला नको आणि भाऊजींना तर नकोच.

मॅडम, मी निवृत्त शिक्षक, वय ७२. नातवाने ही मालिका दाखवली. हिंसा सोडली तर कथा विचार करायला लावणारी आहे. अडचण अशी, की खलनायकांचं म्हणणं मला पटलं. लोकसंख्या बेसुमार, अन्न-पाणी कमी, मग युद्ध आणि उपासमारीपेक्षा पुढची पिढी लहान केली तर काय बिघडलं? हे पटतं म्हणजे माझं काही चुकतंय का? विशेष म्हणजे १९७६ साली मी नोकरीला नवा होतो आणि आम्हा शिक्षकांना नसबंदीच्या केसेस आणायचं टार्गेट होतं. ते दिवस आठवून झोप लागली नाही. – एक वाचक, सातारा

(दुसऱ्या सिझनचा शेवट यात फुटतो. नको असेल त्यांनी पुढच्या प्रश्नावर उडी मारा.)

सर, तुमच्या पत्रासाठीच खरं तर हा कॉलम.

तुमचं एकट्याचं नाही, ही मालिका बघणाऱ्या प्रत्येकाला कुठे ना कुठे ते पटतं, आणि लेखकाला तेच हवं होतं. यातले व्हिलन पैशाच्या मागे नाहीत, खुर्चीच्या मागे नाहीत. कटवाल्यांमधली ती मिल्नर किती शांतपणे बोलते. आणि सगळ्यात मोठा धक्का विल्सनचा. कट-कट म्हणून ओरडणारा, त्यांनी ज्याचा डोळा काढला, ज्याच्या बापाला मारलं, तोच माणूस शेवटी त्यांचा हिशोब मान्य करतो आणि त्यांच्यात जाऊन बसतो. अदील अख्तरने ते इतकं हळूहळू केलंय की नेमका कुठल्या मिनिटाला फिरला ते सापडत नाही.

आता हिशोब तपासू, तुम्ही शिक्षक आहात, पायऱ्या न लिहिता उत्तर लिहिलं तर मार्क कापाल.

दुसऱ्या सिझनचा पहिला एपिसोड अख्खा सत्तरच्या दशकात घडतो, जुन्या टीव्हीसारख्या चौकोनी फ्रेममध्ये. (त्यात १९७९ मध्ये बॉम्बस्फोटात मारले गेलेले खासदार एअरी नीव्ह यांचा खून या कटवाल्यांच्या खात्यावर टाकलाय, त्यावरून त्यांच्या घरच्यांनी नाराजी व्यक्त केली आणि मला पण ते आवडलं नाही, खऱ्या माणसाचं मरण असं मसाला म्हणून वापरायचं नसतं.) हा काळ उगाच निवडलेला नाही. १९६८ मध्ये पॉल अर्लिक या अमेरिकन प्राध्यापकाचं लोकसंख्येच्या बॉम्बवरचं पुस्तक आलं होतं, सुरुवातच दिल्लीतल्या गर्दीच्या रात्रीने होते, आणि त्यात भाकीत होतं की सत्तरच्या दशकात कोट्यवधी लोक उपासमारीने मरतील. जग घाबरलं होतं, शहाणीसुरती माणसं घाबरली होती. आपले राज्यकर्ते पण त्याच हवेत होते.

पुढचं तुम्ही डोळ्याने बघितलंय. आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या आकड्यांत १९७५-७६ ला देशात सव्वीस लाखांवर नसबंदी शस्त्रक्रिया आहेत आणि १९७६-७७ ला एक्क्याऐंशी लाखांवर. एका वर्षात तिप्पट. शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक सगळ्यांना कोटा, आकडा भरला नाही तर पगार अडायचा. आणि हे फक्त उत्तरेतलं म्हणून झटकून टाकता येत नाही, कारण तीन मुलांनंतर सक्तीने नसबंदी असा कायदा देशात पहिल्यांदा विधिमंडळात मंजूर करणारं राज्य आपलं, महाराष्ट्र, १९७६ मध्ये. राष्ट्रपतींची सही झाली नाही म्हणून तो अंमलात आला नाही, एवढंच. ब्रिटिश लेखकाला जे कल्पनेत रचावं लागलं ते आपण गॅझेटच्या भाषेत लिहून, हात वर करून पास केलं होतं. फरक एकच, मालिकेतले नेटवर्कवाले, म्हणजे ती कटवाली टोळी, लपूनछपून करतात.

म्हणून इथे बसून ही मालिका बघताना जे होतं ते लंडनमध्ये बसून होणार नाही. त्यांना तो थ्रिल, आपल्याकडे घरात कोणीतरी असतोच ज्याला शिबिरात नेलं होतं, किंवा ज्याने नेलं होतं.

आणि हिशोब चुकला कुठे? जग १९७४ च्या सुमाराला चारशे कोटी होतं, २०११ ला सातशे कोटी, २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये आठशे कोटी. म्हणजे वाढलं, खूप वाढलं. पण त्याच काळात बाईमागे मुलं किती हा आकडा जगात साडेचारच्या आसपास होता तो सव्वादोन-अडीचच्या मध्ये आला. भारतात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तो २.०, आणि महाराष्ट्रात १.७. लोकसंख्या टिकवायला साधारण २.१ लागतो, म्हणजे आपण केव्हाच त्याच्या खाली आलोय. आणि ही घसरण आणीबाणी उठल्यावर पण चालूच राहिली, उलट त्या धसक्याने लोक कुटुंब नियोजनाचं नाव काढलं तरी पळायला लागले, त्यात काही वर्षं वायाच गेली. मुली शाळेत गेल्या, लग्नाचं वय वाढलं, जन्मलेलं मूल जगेल याची खात्री आली, त्याने जे झालं ते झालं. तुमच्या आईला किती भावंडं, तुम्हाला किती आणि नातवाला किती, लिहून बघा.

मिल्नरबाईंना हे ऐकायचं नव्हतं आणि मालिका पण या आकड्याच्या फारशी जवळ जात नाही. ही तिची चलाखी म्हणा, लबाडी म्हणा. कारण हा आकडा मोठ्याने म्हटला असता तर व्हिलन नुसतेच खुनी ठरले असते आणि बारा एपिसोड चालले नसते.

दुसरी बाजू पण आपल्याच मातीतली आहे, सर. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' चालवलं, खटले अंगावर घेतले, पदरचे पैसे घातले. त्यांना पण कमी मुलं व्हावीत असंच वाटत होतं. पण ते माहिती छापायचे, साधनं द्यायचे, आणि ठरवायचं काम नवरा-बायकोवर, त्यातही बाईवर सोडायचे. तुम्हाला मालिकेतलं जे पटलं त्याचा हा भाग पटला असेल तर काही चुकत नाही तुमचं. राहता राहिली १९७६ ची गोष्ट. चोवीस-पंचवीस वर्षांचा नवा मास्तर, वरून ऑर्डर, खाली पगार, त्यात तुम्ही काय केलंत ते तुम्ही लिहिलेलं नाही आणि मी विचारत पण नाही. नातवाला मात्र सांगा. त्याला आणीबाणी म्हणजे पुस्तकातला एक धडा, आणि समोर बसलेला आजोबा त्या वेळी तिथे होता हे त्याला माहीत नसेल. मालिकेवरून विषय निघालाच आहे.

अमेरिकन व्हर्जन बघू का? प्राइमवर सारखं पुढे येतं. – एक वाचक, ठाणे

आधी बघू नका. जिलियन फ्लिनने लिहिलेली, जॉन क्युसॅक आणि रेन विल्सन आहेत, वाईट म्हणता येणार नाही, पण रंग गेले, ती शांतता गेली, आणि मारामारी तेवढी राहिली. त्याआधी एचबीओवर डेव्हिड फिंचर करणार होता, बजेटवरून फिसकटलं, त्याचं मला अजून वाईट वाटतं. अ‍ॅमेझॉनने पण एका सिझननंतर नोव्हेंबर २०२० मध्ये गुंडाळली. या गोष्टीला शेवट लाभतच नाही, कुठल्याही देशात.

बारा एपिसोड दोन रात्रीत संपवले. आता काय बघू? असंच कटवालं, पण रक्तपात कमी असलेलं सुचवा, आई पण बसते सोबत. – एक वाचक, चिपळूण

दोन नावं देते, दोन्ही तेरा तेरा एपिसोडची, दोन्ही एकेका सिझनमध्ये आटोपलेली. तुम्हाला सवय झालीच आहे.

पहिलं, 'द लोन गनमेन'. 'एक्स फाइल्स'मधले ते तीन अवलिये आठवतात का, सरकारचं बिंग फोडणारा पेपर काढणारे? त्यांची वेगळी मालिका, बरीचशी विनोदी, आईंना चालेल. ही मुद्दाम सांगते ती पहिल्या एपिसोडसाठी. ४ मार्च २००१ ला दाखवलेल्या त्या एपिसोडमध्ये सरकारातलीच काही माणसं शस्त्रांचा धंदा वाढावा म्हणून प्रवासी विमान लांबून कंट्रोल करून वर्ल्ड ट्रेड सेंटरवर आदळवायचा बेत करतात. सहा महिन्यांनी खरोखर काय झालं ते सांगायला नको. अर्थातच यावरून पण क्लिपा फिरतात की 'त्यांना आधी माहीत होतं'. वरच्या सोलापूरच्या वहिनींच्या दिराला हे नाव कळवू नका.

दुसरं, माझं जास्त लाडकं, 'रुबिकॉन', एएमसीवर २०१० मध्ये आलं. न्यूयॉर्कमधली एक सरकारी गुप्तचर कचेरी, तिथे बंदुका नाहीत, पाठलाग नाहीत, नुसती माणसं बसून कागद वाचतात. विल ट्रॅव्हर्स नावाचा विश्लेषक, बायको आणि मुलगी ९/११ ला गेलेली, त्याला एक दिवस वेगवेगळ्या पेपरातल्या शब्दकोड्यांत एक सारखेपणा दिसतो. तो ते साहेबांना दाखवतो, आणि तो साहेब, म्हणजे याचा सासराच, रेल्वे अपघातात मरतो. पहिल्याच प्रसंगात एका श्रीमंत म्हाताऱ्याला पेपरात ठेवलेलं चार पानांचं क्लोव्हर मिळतं, तो ते बघतो आणि जाऊन स्वतःला गोळी घालतो. बस, रक्त म्हणाल तर सुरुवातीचं हे एवढं, बाकी सगळा ताण माणसं लिफ्टमध्ये एकमेकांकडे कशी बघतात यावर. मायकल क्रिस्टोफरने केलेला बॉस ट्रक्स्टन स्पँगलर तर असा, की तो नुसता खुर्चीत बसला तरी आपण सावरून बसतो. हेन्री ब्रोमेल ही मालिका चालवत होते, त्यांचे वडील स्वतः सीआयएत होते, म्हणून त्या ऑफिसातला कंटाळा खरा वाटतो.

संथ आहे मात्र. पहिले तीन एपिसोड आई विचारतील 'काही घडणार आहे का?' चौथ्यापासून नाही विचारणार. पहिल्या दिवशी वीस लाख लोकांनी बघितली होती, वाहिनीच्या तोवरच्या मालिकांमध्ये सगळ्यात मोठी ओपनिंग, मग गळती लागली. १७ ऑक्टोबरला शेवटचा एपिसोड झाला आणि ३१ ऑक्टोबरला त्याच वाहिनीवर 'वॉकिंग डेड' सुरू झालं, पहिल्याच रात्री त्रेपन्न लाखांवर प्रेक्षक. कागद वाचणारी माणसं विरुद्ध माणसं खाणारी प्रेतं, निकाल काय लागणार? नोव्हेंबरमध्ये रुबिकॉन बंद.

शेवट पूर्ण समाधान देत नाही, आईंना आधीच सांगून ठेवा. आणि जेवताना लावली तरी चालेल.